गप्पी मासा: शाळेचा हौद आणि गावचा नाला



आरोग्यसेवक गावात गप्पी मासे आणतात व हौदात सोडतात. हे मासे डासांच्या अळ्या खातात, एवढे आपण मुलांस सांगतो. परंतु त्यांचे मूळ स्थान कोणते, हे क्वचितच सांगितले जाते.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाजवळ त्रिनिदाद बेट आहे. त्याच्या उत्तरेकडील डोंगरांतले ओढे हे या माशाचे एक माहेर होय. रॉबर्ट गप्पी या गृहस्थांनी १८६६ मध्ये तेथून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले, म्हणून हे नाव. गप्पा मारण्याशी त्याचा संबंध नाही, हे मुलांस अवश्य सांगावे!

त्या ओढ्यांत धबधब्याखाली शिकारी मासे असतात; ते वर चढू शकत नाहीत. खालचा भडक रंगाचा नर चटकन दिसतो व खाल्ला जातो. म्हणून तेथील नर फिकट असतात. वर ते भय कमी, आणि माद्यांना रंगीत नर आवडतात. जॉन एंडलर या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये खालचे सुमारे २०० मासे वरच्या, गप्पी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोनएक वर्षांतच तेथील नर अधिक रंगीत झालेले आढळले. निसर्गनिवडीचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

आता आपल्या नाल्यांकडे वळू. गप्पीची मादी अंडी न घालता महिन्याच्या सुमारास जिवंत पिल्ले देते, आणि नराचे बीज तिच्या शरीरात कित्येक महिने टिकते. अर्थात एकटी मादी वाहून गेली तरी वंश सुरू होऊ शकतो. बोर आणि धाम यांना मिळणारे पुष्कळ नाले उन्हाळ्यात तुटतात. आपल्या मासोळ्या उरलेल्या डोहांत कशाबशा तग धरतात. तेथे हा परका वाटेकरी शिरला, तर अन्न तर वाटले जातेच, शिवाय त्यांची पिल्लेही खाल्ली जातात. आपल्या मासोळ्यांतही अळ्या खाणाऱ्या आहेत, हे विसरू नये.

म्हणून गप्पी हौदात व टाक्यात ठेवावेत. नाल्यात वा नदीत मुळीच सोडू नयेत. हौद धुताना पाणी कापडातून गाळून घ्यावे. मासे फार वाढल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

हाताने करून शिकावे, हा विचार १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला. तेव्हा काचेच्या बरणीत दोन मासे ठेवून मुलांकडून ५० अळ्या मोजून सोडवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या अळ्यांची संख्या फळ्यावर त्यांच्याकडूनच लिहवून घ्यावी.