नाका असावा, पण नाक्यावर तारतम्यही असावे

(मंडळाच्या सुरत येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला दिलेला विषय तुमच्या-आमच्या रोजच्या जगण्यातला आहे. गावाहून परतताना, नवापूर ओलांडल्यावर होणारी तपासणी. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथल्या आपल्या वस्त्यांतून खान्देशाकडे वर्षभर जाणे-येणे चालू असते. आखाजी, कानबाईचे रोट, लग्नसराई, दिवाळी. अचानक फोन आला तर मातीला धावायचे आणि काही दिवसांनी गंधमुक्तीला पुन्हा जायचे. जाताना बहुधा कोणी विचारत नाही. विचारणा होते ती येताना. तेव्हा रात्रभराचे जागरण झालेले असते, मांडीवर लेकरू झोपलेले असते आणि सकाळची पाळी गाठायची असते.

ही सीमा कसली आहे ते आधी पाहू. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि सीमारेषा नवापूर स्टेशनातून गेली. तिथल्या फलाटावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. म्हणजे ही काही परदेशाची सीमा नव्हे. घटनेच्या १९व्या कलमाने आपल्याला देशात कुठेही जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. त्याच कलमाने जनहितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा सरकारलाही दिली आहे. सारा वाद या ‘वाजवी’ शब्दाचा आहे.

तपासणीच नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, पलीकडे महाराष्ट्रात दुकाने उघडी आहेत. माल सीमेवरून आत येतो हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणींना विचारा, दारूबंदी उठवा असे त्या म्हणणार नाहीत. साथीच्या रोगाचेही तसेच. सरकारने काहीच केले नसते तर आपणच पहिले ओरडलो असतो. तेव्हा प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नाही. तपासणी कशासाठी, कुठे आणि कशी करायची, हा आहे.

२०२१ सालचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात दुसरी लाट जोरात होती. १ एप्रिलपासून गुजरात सरकारने बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानेही गुजरातहून येणाऱ्यांना अशीच अट घातली होती. म्हणून एकट्या गुजरातला दोष देण्यात अर्थ नाही. पण या अटीचा हिशेब मांडून बघा. समजा, एकाने शुक्रवारी सकाळी सुरतेतच नमुना दिला, शनिवार-रविवार गावी माणसांच्या गर्दीत काढले आणि सोमवारी पहाटे तो नाक्यावर आला. ७२ तास भरायचे आहेत, कागद चालतो! प्रवासात त्याला काय लागण झाली, याबद्दल तो कागद एक अक्षर बोलत नाही. दुसरा माणूस रविवारी रात्री बापाच्या मातीला गेला आणि दिवस उजाडल्यावर निघाला. त्याच्याकडे अहवाल कुठून येणार? नियमाच्या दृष्टीने पहिला निर्धोक आणि दुसरा संशयित. रोगाच्या दृष्टीने दोघे सारखेच. कागद पूर्ण झाला, उद्देश तसाच राहिला.

या दोघांना एकच प्रश्न विचारायला हवा होता, ‘घर कुठे?’ घर सुरतेत असेल तर नाव, पत्ता, मोबाइल लिहून घ्या, घरी जाऊ द्या आणि त्या वॉर्डाच्या आरोग्य केंद्राला कळवा. परतणाऱ्याला कोंडायला सरकारला जागा शोधावी लागत नाही, त्याचे घरच ती जागा असते. नाक्यावर गर्दीत तासन् तास उभे करण्यापेक्षा घरी सात दिवस बसवणे रोगालाही जास्त जाचक आहे.

सुरतेला हे नव्याने शिकवायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. तेव्हा सुरतेहून आलेला माणूस म्हटले की बाहेरगावचे लोक दोन पावले मागे सरत. पुढे शहर सुधारले ते कशाने? १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी गटारे, कचरा आणि झोपडपट्ट्यांची सफाई हाती घेतली, अधिकाऱ्यांना वॉर्डावॉर्डांत फिरवले, त्याने. काम वेशीवर नव्हे, वस्तीत झाले.

आणि हे शहाणपण सरकारने मालाच्या बाबतीत कधीच दाखवले आहे. २००७ मध्ये गुजरातने जकात उठवली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले. २० नोव्हेंबर २०१९ पासून गुजरातने आरटीओचे १६ तपासणी नाके बंद करून परवाने आणि शुल्क ऑनलाइन केले. कर माफ झाला का? नाही. फक्त ट्रक अडवून हिशेब तपासायची पद्धत बदलली. आम्ही बँकेत काम करणारी माणसे, आम्हाला हे पटकन कळते. दर नोव्हेंबरात पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावाच लागतो, तो नियम सुटलेला नाही. पण २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो. नियम तोच राहिला, म्हाताऱ्या माणसाची पायपीट वाचली. साडीच्या गठ्ठ्याला जी सवलत मिळाली, ती साडी विणणाऱ्याला का मिळू नये?

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. सुरत आणि तापी जिल्ह्यांच्या कलेक्टरांकडे मंडळाने त्या लेखी द्याव्यात.

पहिली, साथीच्या काळात सुरतेचा पत्ता असलेल्याला नाक्यावरून परत पाठवू नये. त्याची पुढची तपासणी त्याच्या वॉर्डात व्हावी.

दुसरी, नवा नियम जाहीर होण्याआधी जो घरून निघाला, त्याला परतीच्या वाटेवर तो लावू नये. आणि नियम गुजरातीबरोबर मराठीतही छापावा.

तिसरी, जिथे गाड्या थांबवल्या जातात तिथे सावली, पाणी आणि बायकांसाठी शौचालय असावे. म्हातारी माणसे, आजारी आणि तान्ही मुले असलेल्या गाड्या आधी सोडाव्यात. बायकांचे सामान महिला पोलिसांनीच उघडावे.

चौथी, दारूची झडती खबर आणि संशयावर व्हावी. वऱ्हाडाच्या गाडीतला बिबड्यांचा डबा उपसून दारूवाला सापडत नाही.

आता थोडे आपल्याही बाजूचे. गाडीत एकाने बाटली लपवली तर बाकी बारा जणांना रात्री रस्त्यावर उतरावे लागते. अशाला गाडीत घेऊच नका. नाक्यावर पुढाऱ्याचे नाव सांगून फोन लावू नका, कारण तुमची गाडी सुटते आणि मागची अडकते. आधार कार्डावर सुरतेचा पत्ता नसेल तर तो आधी करून घ्या. रात्रपाळीचा पोलीसही थकलेलाच असतो, त्याच्याशी नीट बोला.

शेवटी एक सांगतो. आपला समाज आता इथे पाहुणा नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ मध्ये नवसारीतून खासदार झाले, संगीताताई पाटील २०१२ मध्ये लिंबायतमधून आमदार झाल्या. आपल्या मताला वजन आहे. मग ते फक्त मिरवणुकीत आणि हारतुऱ्यांत का खर्च करायचे? जो कोणी, कोणत्याही पक्षाचा, मत मागायला दारात येईल, त्याला या चार मागण्यांचा कागद दाखवा आणि विचारा, ‘यातल्या किती करून देणार?’ नुसते ‘बघतो’ म्हणाला तर त्याचे नाव लिहून ठेवा आणि मंडळाला कळवा.

आमचे घर सुरतेत आहे. घरी येणाऱ्या माणसाला दारात प्रश्न जरूर विचारावेत, पण त्याला दाराबाहेर ठेवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

जय महाराष्ट्र! जय गरवी गुजरात!