लस टोचल्यानंतरचा ताप आणि शिक्षकाचे उत्तर
(प्राथमिक शिक्षकांच्या तालुका मेळाव्यातील भाषण)



शाळेत लस टोचण्याचा दिवस पार पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना होण्यापूर्वीच, एखादा पालक फाटकाशी उभा असतो. मुलाचा दंड सुजलेला असतो, रात्रभर अंग तापलेले असते. पालक एकच वाक्य बोलतो : “गुरुजी, पोरगं चांगलं होतं, सुई दिल्यावर आजारी पडलं.” या वाक्यात खोटे असे काही नाही. मूल चांगले होते, सुई दिली गेली आणि ताप आला. तिन्ही गोष्टी त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. अशा वेळी शिक्षक जे उत्तर देईल त्यावर त्या घरातील धाकट्या भावंडांची टोचणी अवलंबून असते, आणि पुष्कळदा सबंध आळीचीही.

सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे की, “काही होत नाही, उगीच घाबरू नका.” हेतू चांगला असला तरी हे उत्तर सदोष आहे, कारण ते खरे नाही. काहीतरी होते, आणि पालकाने ते पाहिले आहे. पाहिलेली गोष्ट नाकारणाऱ्या माणसाचे पुढचे बोलणे कोण ऐकणार?

तेव्हा काय होते, ते शिक्षकाने आधी स्वतः नीट समजून घेतले पाहिजे. पाचव्या-सहाव्या वर्षी घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात या तिहींवरील एकत्रित लसीची पूरक मात्रा दिली जाते. ही लस घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्यापर्यंत मुलांना ताप, सूज किंवा दुखणे यांपैकी काहीतरी होते. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात पंधरा मुले कण्हत घरी गेली तरी त्यात अघटित असे काही नाही. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. शरीराला रोगजंतूची तोंडओळख करून दिली जात असते आणि शरीर तिला आपल्या परीने उत्तर देत असते; ताप हा त्या उत्तराचाच एक भाग होय. मात्र ज्याला ताप आला नाही त्याला लस लागली नाही, हा समज चुकीचा आहे. तो गावोगाव आढळतो आणि क्वचित शिक्षकांच्या तोंडीही ऐकू येतो.

गोवर-रुबेलाच्या लसीची तऱ्हा निराळी. तिचा ताप दुसऱ्या दिवशी येत नाही. साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान, शंभरात पाच ते पंधरा मुलांना येतो आणि काहींच्या अंगावर बारीक पुरळही उठते. ही गोष्ट आधी सांगितली नसेल तर पालक गोंधळतात. लस टोचूनही गोवर उठला, असा बोभाटा गावभर होतो. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना ही लस देण्याची मोहीम झाली, तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर शाळांतूनच झाली. त्या वेळी ज्यांनी शाळा चालविल्या त्यांना अफवा किती वेगाने धावते हे वेगळे सांगावयास नको.

लसीचा त्रास स्वतःच्या अंगावर घेऊन पाहणारे एक शास्त्रज्ञ मुंबईतच होऊन गेले. वॉल्डेमार हाफकिन हे १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. आणि लोकांना काय सोसावे लागेल याचा अंदाज त्यांनी असा स्वतःच्या देहावरून घेतला. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव चालविते.

परंतु याच हाफकिन यांच्या लसीच्या इतिहासात एक काळा दिवसही आहे आणि तो शिक्षकांपासून लपविण्याचे कारण नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल नावाच्या खेड्यात १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत असे दिसून आले की, हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेणाऱ्यांना धनुर्वात झाला नाही. तरीही ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना खाली जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले.

एकोणीस घरांना त्या निर्णयाने काय मिळाले, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात राहतोच. तथापि या प्रकरणाने एक भेद स्पष्ट केला. लसीच्या गुणधर्मामुळे होणारा त्रास वेगळा, आणि ती हाताळताना झालेल्या चुकीमुळे होणारा अपाय वेगळा. पहिला बहुधा सौम्य असतो व अपेक्षितही असतो. दुसरा टाळता येतो, व म्हणूनच तो अक्षम्य होय. आज प्रत्येक टोचणीस नवी सुई असते, गोवराची लस पातळ केल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते. आरोग्यसेविकेने लस पातळ केल्याची वेळ कुपीवर लिहिली आहे की नाही, हे शिक्षकाने नम्रपणे विचारले तर तो तिचा अपमान नव्हे.

तिसरा एक प्रकार आहे आणि सर्वांत अधिक घोटाळा त्यामुळेच होतो. तो म्हणजे योगायोग. ज्या वयात लसी दिल्या जातात त्याच वयात मुलांना जुलाब, खोकला, ताप होतच असतात. शंभर मुलांना साध्या पाण्याचे थेंब पाजले तरी पुढील आठवड्यात त्यांतील काही आजारी पडतील. ‘नंतर’ घडले म्हणजे ‘मुळे’ घडले असे नव्हे. हा विचार व्याकरणाच्या तासाला दोन शब्दयोगी अव्ययांतील फरक म्हणून शिकविता येईल. घाबरलेल्या आईला मात्र तो तोंडावर सुनावू नये. तिच्या मुलाला आधी डॉक्टरांनी तपासावे, कारण नंतर ठरेल.

आता धोक्याच्या तुलनेकडे वळावयाचे. पालकाच्या तराजूत बहुधा एकच पारडे असते : लस दिली तर काय होईल? दुसऱ्या पारड्यात, लस दिली नाही तर काय होईल, हे त्याला दिसत नाही, कारण तो रोग त्याने पाहिलेलाच नसतो. गोवराचेच उदाहरण घ्यावे. लसीनंतर सुमारे तीन हजार मुलांमागे एकास तापाबरोबर झटके येतात. पाहणाऱ्याचा जीव उडतो, परंतु मूल बहुधा पूर्ण बरे होते. लसीनंतर श्वास कोंडण्याइतकी तीव्र प्रतिक्रिया दहा लाख मात्रांमागे एखादीच होते. उलट, खुद्द गोवर झाला तर सुमारे हजारात एका मुलाच्या मेंदूला सूज येते आणि हजारात एक ते तीन मुले दगावतात. हा आकडाही सकस अन्न व चांगली वैद्यकीय मदत असलेल्या देशांतील आहे. जेथे मुले कुपोषित आहेत तेथे तो वाढतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ उसळली आणि बालके दगावली. त्यांत लस न मिळालेली मुले मोठ्या संख्येने होती.

दोन्ही पारडी आकड्यांनी भरून पाहण्याचा एक फार जुना प्रयत्न अमेरिकेतील बोस्टन शहरी १७२१ च्या देवीच्या साथीत झाला. जेन्नरची लस तेव्हा अद्याप पाऊणशे वर्षे दूर होती. खऱ्या देवीच्या फोडातील लस निरोगी माणसाच्या त्वचेत घालण्याची धाडसी पद्धत होती व तिने माणूस मरतही असे. बॉयल्स्टन नावाच्या वैद्याने सुमारे २४० जणांना असे टोचले, ६ दगावले. त्याच साथीत नैसर्गिकरीत्या देवी आलेल्या ५,८०० हून अधिक लोकांपैकी ८४४ मेले. एकीकडे शंभरात दोन-तीन, दुसरीकडे शंभरात चौदा. सहा मृत्यू कोणी लपविले नाहीत, म्हणूनच ती तुलना लोकांना पटण्याजोगी झाली.

त्याच बोस्टनमध्ये जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिनची हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे. तो देवी टोचण्याचा पुरस्कर्ता होता. परंतु त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस जुलाबाने आजारी होता, म्हणून टोचणे पुढे ढकलले गेले आणि १७३६ साली मुलाला देवी येऊन तो गेला. टोचण्यानेच तो मेला अशी आवई उठली, तेव्हा पुत्रशोकात असलेल्या बापाला आपल्या वर्तमानपत्रातून जाहीर करावे लागले की, मुलाला टोचलेच नव्हते. पुढे आत्मचरित्रात त्याने या गोष्टीचा कडू पश्चात्ताप नोंदविला आणि तो मुख्यतः आईबापांसाठी नोंदविला. टोचल्याने मूल गेले तर स्वतःला क्षमा करता येणार नाही, या भयाने जे टोचत नाहीत त्यांना त्याने दाखवून दिले की, न टोचल्याने मूल गेले तरी दुःख तेवढेच असते. हातून काही केल्याने झालेली हानी मनाला अधिक बोचते आणि काही न केल्याने झालेली दैवावर ढकलता येते, हा मनुष्यस्वभाव आहे. मुलाच्या दृष्टीने मात्र दोहोंत भेद नाही.

एका देशाने हा अनुभव सामुदायिक रीतीने घेतला. जपानमध्ये १९७४ साली सुमारे ८० टक्के मुलांना डांग्या खोकल्याची लस मिळत होती. त्या वर्षी रोगी ३९३ आणि मृत्यू एकही नाही. १९७४-७५ च्या हिवाळ्यात लसीनंतर दोन बालके दगावली. सरकारने लस काही काळ थांबविली, लोकांचा विश्वास उडाला आणि १९७६ साली लस घेणारी मुले जेमतेम १० टक्के राहिली. १९७९ साली १३,००० हून अधिक लोकांना डांग्या खोकला झाला व ४१ जण मेले. परंतु गोष्ट येथे संपत नाही. पालकांची तक्रार वेडगळ म्हणून झिडकारली गेली नाही. जपानी शास्त्रज्ञांनी कमी ताप आणणारी नवी लस तयार केली व १९८१ साली ती वापरात आली.

तराजूचा काटा कायम एकाच बाजूला राहतो असेही नाही. जुन्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, तरुण शिक्षकांच्या दंडावर तो नाही. त्या लसीने प्रथमच टोचलेल्या दहा लाखांमागे एखाद-दुसरा दगावत असे. देवीचा रोग होता तोवर हा धोका अगदीच क्षुल्लक होता. भारतात १९७५ मध्ये शेवटचा रोगी आढळला, १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले, आणि मग तोच क्षुल्लक धोकाही पत्करण्याचे कारण उरले नाही. लस बंद झाली. पोलिओच्या थेंबांचेही असेच. त्यांतील जिवंत विषाणूमुळे फार क्वचित, पहिल्या मात्रेच्या सुमारे २७ लाख मात्रांमागे एका मुलाला, लसीनेच पांगळेपणा येई. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्यानंतर २०१५ मध्ये मृत विषाणूची टोचण्याची लस जोडीला आली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकण्यात आला. शंकेखोर पालकाला ही हकीकत अवश्य सांगावी. लसीचे दोष मोजणारे लोक लस देणाऱ्यांमध्येच आहेत, हे त्याला त्यावरून कळेल.

शाळेपुरते बोलावयाचे तर बहुतेक काम टोचणीच्या आदल्या दिवशीचे आहे. पालकांना बोलावून ताप, सूज व गोवराच्या लसीचा उशिरा येणारा ताप यांची कल्पना द्यावी. मागे एखाद्या लसीने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, झटके आले असे कोणी सांगितल्यास ते नावानिशी लिहून आरोग्यसेविकेस दाखवावे. अशा मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तीच लस देऊ नये. कोणासही उपाशीपोटी रांगेत उभे करू नये. दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची सुई घेताना एखादी मुलगी भीतीने भोवळ येऊन पडते, आणि तिला पाहून दुसरी व तिसरीही पडते. ही विषबाधा नव्हे. रांग दाराबाहेर ठेवावी, मुलांना बसवून टोचावे, भोवळ आलेल्यास आडवे निजवून पाय किंचित उंच करावेत. टोचल्यावर अर्धा तास सर्वांना वर्गातच बसवून ठेवावे. खरी तीव्र प्रतिक्रिया बहुधा त्याच वेळात दिसते व तिच्यावरील औषध आरोग्यसेविकेजवळ असते. तापासाठी तिने दिलेली गोळी तिने सांगितल्या प्रमाणातच द्यावी. टोचल्या जागी हळद, चुना, शेक यांतले काही नको.

श्वास लागणे, चेहरा सुजणे, झटके, तान्ह्या भावंडाच्या बाबतीत तीन तासांहून अधिक न थांबणारे रडणे, किंवा न उतरणारा ताप दिसल्यास मुलाला तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व घटनेची नोंद तेथे करवावी. शाळेचे नाव खराब होईल म्हणून नोंद टाळणाऱ्या मुख्याध्यापकाने मुल्कोवालची बाटली आठवावी. नोंदी होत्या म्हणून ती सापडली.

इतके करूनही एखादे घर नकार देईल. त्या मुलाला वर्गात हिणवू नये, पोषण आहाराच्या पंगतीत वेगळे बसवू नये, बापाला चारचौघांत अडाणी म्हणू नये. नकाराचे कारण त्याच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवावे आणि गावातील पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या घरी तारीख व वेळ कळविणारा निरोप पुन्हा धाडावा. शक्य तर ज्या शेजारणीच्या मुलाला मागच्या वेळी ताप येऊन गेला, तिच्याच हाती.