माटोळी, काजू आणि मधमाश्या
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेची माणसे. नोकरी सरकारी, शिक्षण पदविकेपर्यंतचे, आणि काम असे की वर्षातले बरेच दिवस काजूच्या डोंगरात आणि कुळागरात जातात. तेव्हा शास्त्रज्ञाचे भाषण ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. डोंगरात जे दिसते आणि त्यावर जे वाचायला मिळाले तेवढे सांगतो.

तुमच्यातले पुण्या-मुंबईकडचे लोक गोव्यात आले की गणपतीच्या डोक्यावरची माटोळी पाहून थबकतात. सुपारीची शिपटी, नारळ, चिबूड, तोरंजन, आंबाडे, तिरफळे, कवंडळे, कळलावीची फुले. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेते आणि त्यात शेकडो प्रकारची रानफळे टांगलेली दिसतात. आता त्या माटोळीकडे वेगळ्या नजरेने पाहा. तिथे टांगलेल्या बहुतेक फळामागे कुणीतरी उडणारा जीव फुलावर येऊन गेलेला आहे. चिबडाच्या वेलीला नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. माशी आली नाही तर कळी पिवळी पडून गळते. पडवळाचे फूल रात्री उमलते, त्याला पतंग लागतो. दोडकी संध्याकाळी फुलते. वड-उंबराला तर प्रत्येकाची स्वतःची चिलटाएवढी गांधीण असते, दुसऱ्या झाडाची चालत नाही. टेटूच्या शेंगा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना सांगतो, त्याचे फूल रात्री वटवाघळासाठी उमलते. भाताला मात्र यातले कुणीच लागत नाही, म्हणून आमचा शेतकरी माशीकडे लक्ष देत नाही. भात पिकले की वर्ष पिकले, असा त्याचा हिशेब.

मधमाशी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे आग्यामोहोळ येते, नाहीतर बाटलीतला मध. आमच्याकडे मध देणाऱ्या माश्या चार. उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे पोळे लटकवणारी आग्या, झुडपात पोळे करणारी बारीक फुलोरी, पोकळीत राहणारी सातेरी, आणि चिऱ्याच्या भिंतीत मेणाची नळी काढून राहणारी, डंख नसलेली पोयाची माशी. सातेरी हे नाव तिच्या सात पोळ्यांवरून पडले असे सांगतात. पण गोव्यात सातेरी ही देवी आहे, रोयणीच्या म्हणजे वारुळाच्या रूपात पुजलेली. आणि ही माशी जुन्या वारुळाच्या पोकळीतही घर करते. या दोन नावांचा काही संबंध आहे असा दावा आम्ही करत नाही, पण रोयण फोडायची नाही या जुन्या धाकाने माशीचीही घरे वाचली, एवढे नक्की.

या चौघींखेरीज जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. ना पोळे, ना राणी, ना मध. बहुसंख्य जमिनीत बीळ करतात, काही वाळक्या काटकीच्या पोकळ गाभ्यात अंडी घालतात. काळा भुंगा बांबूत किंवा वठलेल्या लाकडात भोक पाडतो. वांग्याचे आणि टोमॅटोचे फूल पराग सहज सोडत नाही, ते धरून थरथरवावे लागते. सातेरीला ते जमत नाही, भुंग्याला जमते. आगशीच्या वांग्यांचे कौतुक करताना भुंग्याचेही थोडे करायला हवे.

आता काजू, कारण आमच्या गावाचा पैसा काजूत आहे. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आज गोव्यात पंचावन्न हजार हेक्टरांच्या आसपास पसरले आहे. बी विकून, हुर्राक आणि फेणी काढून उन्हाळ्यात घरात चार पैसे येतात. काजूच्या एका मोहरात शेकडो फुले असतात, पण बहुतेक नर. फळ धरणारी थोडी. पराग चिकट असल्यामुळे वाऱ्यावर फारसा जात नाही, कुणीतरी अंगाला लावून न्यावा लागतो. पुत्तूरला केंद्र सरकारचे काजू संशोधन संचालनालय आहे. तिथल्या पाहण्यांत काजूच्या फुलांवर खरे काम करताना आढळल्या त्या बारीक, एकट्या राहणाऱ्या, जमिनीत आणि काटक्यांत घर करणाऱ्या माश्या.

आणि आम्ही काय करतो? बी वेचायला सोपे जावे म्हणून पावसानंतर काजूच्या बुडातले सगळे रान तासून काढतो आणि ढीग करून पेटवतो. त्या काटक्यांत माशीची पिल्ले असतात. रान गेले म्हणजे मोहर येण्याआधी आणि संपल्यानंतर तिने जे खायचे ते करवंद, दिंडा, भारंगी हे सगळे गेले. काजू तिला दोन-तीन महिने जेवू घालतो, उरलेल्या नऊ महिन्यांचे काय? झाडाच्या घेराखालची जागा साफ ठेवा, बी तिथेच पडते. पण दोन ओळींमधला पट्टा आणि बांधावरची झुडपे राहू द्या, असे आम्ही सांगतो. काही ऐकतात. काही म्हणतात, साप निघतो. तेही खोटे नाही.

बारीक माशी घरापासून काहीशे मीटर जाते, सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर, आग्या त्याहून खूप लांब. म्हणून बागेला जंगल किती जवळ आहे याला किंमत येते. कोस्टा रिकात कॉफीच्या एका मळ्यावर झालेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. जंगलापासून सुमारे किलोमीटरभराच्या आतल्या झाडांचे उत्पन्न वीस टक्क्यांनी जास्त भरले. आमच्या देवरायांचा, ओहोळाकाठच्या जंगलाचा हिशेब असा कधी कुणी मांडत नाही.

आमच्या तालुक्याने खाणीही पाहिल्या. 2012 साली खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या, आता परत सुरू होत आहेत. रोजगाराचे भांडण मोठे आहे, त्यात आज शिरत नाही. फक्त एवढेच, की खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेले आकेशिया लांबून हिरवे दिसते, पण त्याच्या फुलात परागाव्यतिरिक्त फारसे काही नाही. डोंगर हिरवा झाला म्हणजे डोंगर परत आला असे नव्हे.

आमच्या हद्दीपलीकडे दोडामार्ग. तिथे जंगल तोडून रबर आले. रबराची गंमत अशी की कोवळ्या पानांच्या देठाशी गोड रस सुटतो आणि केरळातले मधपाळ त्यावर भरपूर मध काढतात. म्हणजे रबर अगदीच वांझ नाही. पण तो रस काही आठवड्यांचा. पराग नाही, पोकळ झाड नाही, खाली झुडूप नाही. जंगलात सावर, पांगारा, करंज, जांभूळ, किंजळ असे एकामागून एक ताट वाढलेले असते. रबरात एकच पंगत उठली की संपले.

सर्वांत दुर्लक्षित म्हणजे सडा. जांभ्या दगडाचे उघडे पठार सरकारी कागदावर बहुधा पडीक. उन्हाळ्यात तिथे गवतही धड दिसत नाही. पण पाऊस ओसरू लागला, जंगलातला फुलोरा थंडावला, की सड्यावर सीतेची आसवे आणि तेरडे फुलतात आणि नेमक्या टंचाईच्या दिवसांत माश्यांना तिथे खायला मिळते. पेडण्यातले मोपाचे पठार आता विमानतळ आहे, 2023 च्या जानेवारीपासून तिथून विमाने उडतात. उरलेल्या सड्यांवर कारखाने आणि प्लॉटची नजर आहे. विकणाऱ्यालाही दोष देता येत नाही, खडकाचे त्याला कधी काही मिळाले नव्हते.

पेट्यांबद्दल लोक हमखास विचारतात. 2020 पासून केंद्राचे मध अभियान आहे, सातेरीची पेटी ठेवणे चांगलेच. पण लांबून वसाहती आणताना जपून. 1991-92 साली थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या बहुतेक पेट्या रिकाम्या केल्या होत्या. गावातल्याच वारुळातली किंवा भिंतीतली वसाहत, जाणत्या माणसाकडून, पेटीत घ्यावी. आणि पेटी आली म्हणून भुंगा नको झाला असे नाही. वांगी तशीच उरतील.

शेवटी फवारणीचे. ढेकण्या मोहर जाळतो, त्यामुळे फवारू नका असे आम्ही सांगत नाही. काजूचे फूल सकाळी उमलते आणि माशीचे काम दुपारपर्यंत चालते. म्हणून भर मोहरात शक्यतो टाळावे, करावीच लागली तर सूर्य कलल्यावर करावी, आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे तो पेटीचे तोंड बंद करील. जानेवारीत कधी कासरपालला कालिकेच्या दर्शनाला आलात, तर सकाळी दहाच्या सुमाराला रस्त्याकडेच्या एखाद्या काजूखाली पाच मिनिटे उभे राहा आणि मोहरावर कोण कोण येते ते मोजा. आकडा आम्हाला कळवा.