जुन्या गोळीचा नवा उपयोग



संगणकानं सुचवलेले जुन्या औषधांचे नवे उपयोग कसे पारखायचे, हा आपल्या डॉक्टरांच्या आजच्या परिषदेचा विषय. गगनबावड्यासारख्या ठिकाणी या विषयाचं काय काम, असं आज सकाळी चहाच्या वेळी एकदोघांनी विचारलं. काम आहे. रक्तदाबाच्या साध्या गोळीला नवा उपयोग मिळाला आणि त्यानं हजारो जीव वाचवले, ही घटना आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड तालुक्यात घडली आहे.

डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे मरणाची टांगती तलवार होती. गंभीर दंशात शंभरातले तीसेक रुग्ण दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं ते असं: आधी उलट्या, अंगभर घाम, हातपाय बर्फासारखे गार, मग रक्तदाब चढतो, आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येतो. या लक्षणांवरचं त्यांचं लेखन १९८२ साली ‘लॅन्सेट’नं छापलं. विषामुळे ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी बाजारात होतीच. ती त्यांनी विंचूदंशाला वापरली. १९८६ साली त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा निबंध पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिन रुळल्यावर मृत्यूचं प्रमाण शेकडा चारच्या आत आलं. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी, आणि पहिल्या गोळीनंतर रुग्णाला उठू द्यायचं नाही, हे आज आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे.

या गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. प्राझोसिन हे बावस्करांचंच यश. तरीही विंचवाच्या विषावरचं प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी त्याची आणि प्राझोसिनची रीतसर तुलना केली. सत्तर रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण: नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८, प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्यांत ३५ पैकी ३२. हा निबंध २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आपल्या हातच्या औषधाला इतक्या कठोर कसोटीवर उभं करणाऱ्या माणसाला मी पारखी मानतो.

तीच प्राझोसिन पुढे अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या भयस्वप्नांसाठी वापरली जाऊ लागली. लहान चाचण्या आशादायक होत्या. मग ३०४ माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०१८ साली आला: खोट्या गोळीपेक्षा अधिक फायदा नाही. गोळी तीच, शरीरातली क्रिया तीच, एका रोगात जीवदान आणि दुसऱ्यात निराशा. म्हणून औषध चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रोगात, कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, हे दर वेळी नव्यानं सिद्ध करावं लागतं.

आता संगणकाकडे येऊ. बावस्करांनी एक रोग पाहिला आणि एक औषध शोधलं. संगणक हजारो रोग आणि हजारो औषधं एकदम समोर मांडतो. रोगात कोणती जनुकं चेकाळतात, औषधानं कोणती शांत होतात, याच्या जोड्या लावतो. प्रथिनाच्या खाचेत औषधाचा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा बसतो का, ते मोजतो. लाखो शोधनिबंध वाचून दुवे जोडतो. हे सामर्थ्य खरं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, कोविड जगभर पसरायच्या आधीच, लंडनच्या एका कंपनीच्या संगणकानं संधिवाताचं बॅरिसिटिनिब सुचवलं होतं. पुढे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत आठ हजारांहून अधिक रुग्णांवर ते तपासलं गेलं. नुसत्या नेहमीच्या उपचारांत १४ टक्के मृत्यू होते, ते १२ टक्क्यांवर आले. अंदाज खरा ठरला. पण तो खरा आहे हे कळलं चाचणीनंतर.

आता दुसरं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण फसगत नेमकी कुठे होते ते त्यात दिसतं. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या गटानं सोळाशेहून अधिक औषधं संगणकावर चाळली आणि अल्झायमरसाठी सिल्डेनाफिलवर बोट ठेवलं. मग ७२ लाखांहून अधिक विमाधारकांच्या नोंदी पाहिल्या. सिल्डेनाफिल घेणाऱ्यांत अल्झायमर ६९ टक्क्यांनी कमी. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. पण विचार करा, पुरुषांच्या लैंगिक तक्रारीसाठी ही गोळी मागणारा माणूस कोण असतो? बहुधा तब्येतीनं बरा, हिंडता-फिरता, खर्च करू शकणारा. विस्मरणाच्या वाटेला लागलेले आजोबा ती मागायला येत नाहीत. मग दुसऱ्या संशोधकांनी तुलनाच बदलली. फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी काही रुग्ण सिल्डेनाफिल घेतात, काही त्याच आजाराचं दुसरं औषध घेतात. अशा दोन गटांत सारख्याला सारखं लावून पाहिलं, तेव्हा अल्झायमरच्या धोक्यात फरक उरला नाही. आकडे लाखांत आहेत म्हणून दिपून जाऊ नका. गट कसे निवडले, ते आधी विचारा.

मात्रेचा प्रश्न तर आपण डोळ्यांदेखत पाहिला. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत आयव्हरमेक्टिननं बशीतल्या पेशींतला कोरोना विषाणू रोखला. पण बशीतली औषधाची पातळी नेहमीच्या गोळीनं रक्तात येणाऱ्या पातळीच्या कितीतरी पट होती. तरीही मे २०२१ मध्ये शेजारच्या गोव्यात अठरा वर्षांवरील सर्वांना ही गोळी देण्याची घोषणा झाली. पुढे ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण तिनं कमी केलं नाही. त्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडच्या औषध दुकानांसमोरच्या रांगा आठवतात ना? माणसं घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला आधार हवा असतो. तो आधार गोळीच्या रूपात देण्याचा मोह आपल्याला सर्वांनाच होतो. म्हणूनच हे आज स्पष्ट बोलायला हवं.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. ‘नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ नुसार, मान्यता मिळालेल्या औषधाचा नवा उपयोग सांगितला तर त्या उपयोगापुरतं ते नवं औषध ठरतं. चाचणी करायची तर नैतिकता समितीची संमती आणि राष्ट्रीय नोंदवहीत नोंद लागते. ही कागदपत्रं अनेकांना जाच वाटतात. मला ती रुग्णाची ढाल वाटतात.

मोठी केंद्रं अशा चाचण्या करू शकतात, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली अकरा केंद्रांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचून पाहिलं. दंतवैद्य वापरतात तेच, स्वस्तातलं. पंधराशेहून अधिक स्त्रिया त्या चाचणीत होत्या. २०२३ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. स्वस्त औषधाची चाचणी करायला कंपन्या पुढे येत नाहीत. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांनाच ती करावी लागते. या कामाला राज्य सरकारनं वेगळा निधी द्यावा, असा ठराव या परिषदेनं करावा, ही माझी सूचना आहे.

आणि आपलं काय? इथून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय पन्नासहून अधिक किलोमीटर. पावसाळ्यात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. आपल्याकडे मोठी यंत्रं नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे रुग्ण आहेत. संगणक उद्या ज्या नोंदींवर अंदाज बांधणार आहे त्यांत घाटाखालच्या भुईबावड्याची शेतकरी बाई असावी, की फक्त अमेरिकेतला विमाधारक असावा? ती असावी असं वाटत असेल, तर केसपेपरवर औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, सोबतचे आजार आणि आठ दिवसांनी काय झालं, एवढं न चुकता लिहा. दुष्परिणाम दिसला तर राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रमाला कळवा. मोबाइलवर आलेल्या बातमीवरून नव्या उपयोगाची चिठ्ठी लिहू नका. आणि एखादी रीतसर चाचणी आपल्या तालुक्यात आली, तर तिच्यात सहभागी व्हा, रुग्णाला मराठीत सगळं समजावून सांगा आणि त्याला नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क द्या.