दहा तासांची मागणी आणि कायद्यांतलें भोंक



अमेरिका म्हटली म्हणजे स्वातंत्र्याचा देश, असें आपण ऐकत आलों आहों. तें खोटें नाहीं. पण त्या देशांतहि मजुराला दिवसाकांठीं दहाच तास कामाचा हक्क कोणी ताटांत वाढून दिला नाहीं. तो मिळविण्यासाठीं जे झगडले, त्यांत शेतकऱ्यांच्या लेकी पुढें होत्या. त्यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहों. ज्या घराला केव्हां ना केव्हां कागदावर सही करावी लागते किंवा अंगठा उठवावा लागतो, त्या प्रत्येक घरानें ती ऐकण्यासारखी आहे.

मॅसाच्युसेट्स प्रांतांत मेरिमॅक नदीच्या कांठीं लोवेल नांवाचें शहर आहे. १८२० नंतर बोस्टनच्या भांडवलवाल्यांनीं तेथें नदीचें पाणी कालव्यांत वळविलें आणि त्याच्या जोरावर कापडाच्या गिरण्या चालू केल्या. कामाला हात पाहिजेत, म्हणून न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन ह्या भागांतल्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली आणल्या. कोणी घरच्या ओढगस्तीमुळें आली, कोणी भावाच्या शिक्षणासाठीं, कोणी आपल्या लग्नाच्या बेगमीसाठीं. गिरणीच्या खाणावळींत राहावयाचें, रात्रीं दहाला दार बंद आणि रविवारीं चर्चमध्यें गेलेंच पाहिजे, असा शिरस्ता. उन्हाळ्यांत पहाटे पांचपासून सायंकाळीं सातपर्यंत काम चाले. मध्यें न्याहारीला अर्धा तास आणि जेवणाला पाऊण तास. म्हणजे पावणेतेरा तास यंत्रापुढें उभें राहावयाचें!

१८३४ सालीं मालकांनीं मजुरी कापण्याचें जाहीर केलें, तेव्हां सुमारें ८०० बाया काम सोडून बाहेर पडल्या. थोड्याच दिवसांत त्यांना हार खावी लागली. १८३६ सालीं खाणावळीचा खर्च वाढविला, तेव्हां सुमारें १,५०० बाहेर पडल्या. पुढें त्यांनीं ओळखलें कीं, नुसत्या रागानें भागत नाहीं. संघ पाहिजे, वर्तमानपत्र पाहिजे आणि कायदा पाहिजे. १८४४ च्या डिसेंबरांत त्यांनीं आपला संघ काढला. सेरा बॅगली नांवाची गिरणींतलीच कामकरीण त्याची अध्यक्ष झाली. 'व्हॉइस ऑफ इंडस्ट्री' ह्या मजुरांच्या पत्रांत त्या आपलें गाऱ्हाणें आपल्याच हातानें लिहूं लागल्या.

१८४५ सालीं दोन हजारांहून अधिक सह्यांचे अर्ज प्रांताच्या कायदेमंडळाकडे गेले. मागणी एकच, कीं दिवसाचें काम दहा तासांचें असावें. सह्या करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. चौकशीला कमिटी नेमली गेली. तिचा अध्यक्ष विल्यम शूलर हा लोवेलचाच सभासद होता. त्या काळीं बायकांना मताचा अधिकार नव्हता, तरी ह्या मुली कमिटीपुढें येऊन उभ्या राहिल्या. एलायझा हेमिंग्वे हिनें सांगितलें कीं, ती ज्या खोलींत विणते, तेथें दीडशें माणसें काम करतात. काळोख पडल्यावर काम चाललें म्हणजे २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे लागतात. आणि आजारामुळें रोज निदान सहा जणी तरी घरीं असतात. दिवे मोजून सांगणारी ही मुलगी अडाणी खासच नव्हती.

कमिटीनें गिरण्या पाहिल्या. खिडक्यांतल्या फुलझाडांच्या कुंड्या पाहिल्या, आवारांतली हिरवळ पाहिली आणि निकाल दिला कीं, कामाचे तास कमी व्हावेत हें ठीक, पण तें करणें कायदेमंडळाचें काम नव्हे. मजूर आपला करार करण्यास समर्थ आहेत. लोकांचा पैशाचा लोभ कमी झाला म्हणजे सुधारणा आपोआप होईल! बंधूंनो, मालकाचा लोभ कमी होईतों मजुरानें वाट पाहावी, हा न्याय त्या मुलींना पटला नाहीं. संघानें शूलरच्या विरुद्ध लोकमत जागें केलें आणि त्याच सालच्या निवडणुकींत तो पडला. तो केवळ ह्या बायांमुळें पडला, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यांना मत नव्हतें त्यांच्याहि शब्दाला वजन होतें, एवढें खरें. पुढच्या साली पहिल्यापेक्षां कितीतरी अधिक सह्या गेल्या.

आतां मुद्द्याची गोष्ट ऐका. शेजारच्या न्यू हॅम्पशायर प्रांतानें १८४७ सालीं दहा तासांचा कायदा केला. मजुरांना आनंद झाला. पण त्या कायद्यांत एक 'परंतु' होता: दोघांमध्यें उघड करार असल्यास अधिक तास काम घेण्यास हरकत नाहीं. झालें! मालकांनीं छापील करार पुढें केले. सही करा, नाहीं तर घरीं जा. जी सही करीना तिला काम नाहीं, आणि तिचें नांव इतर गिरण्यांकडेहि जाई. कायदा कागदावर राहिला आणि घंटा पूर्वीसारखीच वाजत राहिली.

मॅसाच्युसेट्सनें बायका व मुलें ह्यांच्यासाठीं दहा तासांचा कायदा केला तो १८७४ सालीं. पहिल्या चौकशीनंतर एकोणतीस वर्षांनीं! त्यांतहि, मालकानें 'जाणूनबुजून' नियम मोडला तरच दंड, असा शब्द घातला होता. मालकाच्या मनांत काय होतें, हें कोर्टांत कोणी सिद्ध करावें? तो एक शब्द काढून टाकावयास १८७९ साल उजाडलें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. ह्या गिरण्यांना कापूस कोठून येई? दक्षिणेकडच्या मळ्यांतून, काळ्या गुलामांच्या हातून. लोवेलच्या कांहीं गिरण्या गुलामांच्या अंगावर घालावयाचें जाडेंभरडें कापडहि विणीत. गिरणींतल्या मुलीला निदान करार होता आणि बापाच्या घरीं परत जाण्याची वाट होती. गुलामाला दोन्ही नव्हतीं. म्हणूनच ह्यांपैकीं अनेकींनीं गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवरहि सह्या केल्या. ती गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली, आणि तिच्याविरुद्ध झगडणाऱ्या अमेरिकेंतल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला, हें आपणांस ठाऊक आहे. त्या सज्जनांत ह्या कामकरी मुलींचीहि गणना व्हावी, असें आम्हांस वाटतें.

तात्पर्य काय? सह्या गोळा केल्याशिवाय कायदा होत नाहीं, हें खरें. पण कायदा झाला म्हणजे काम झालें, असें समजून निजणें हें नुकसानीचें. कायद्यांतला 'परंतु' कोठें दडला आहे, तें पाहावें. करार खुशीचा म्हणतात. पण एकाच्या घरीं वर्षाचें धान्य भरलें आहे आणि दुसऱ्याला आजच चूल पेटवावयाची आहे, तेथें खुशी कोणाची?

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: घरांतल्या वाचतां येणाऱ्या मुलीला जवळ बसवा. सोसायटीचा कागद असो, गिरणीचा असो, कीं सरकारचा असो. अंगठा उठविण्यापूर्वीं तो तिच्याकडून मोठ्यानें वाचून घ्या. आणि 'परंतु' आला म्हणजे तिला म्हणा, बाळ, हें एवढें पुन्हां वाच.