शहरातील विद्यार्थी आणि त्याचा हातखर्च



बारावीचा निकाल लागला, पावसाची चाहूल लागली, की नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. भंडाऱ्याकडून, गोंदियाकडून, वर्ध्याकडून एस. टी. येते आणि तिच्यातून एक बाप आणि त्याचा मुलगा उतरतात. मुलाच्या हातात पूर्वी पत्र्याची पेटी असे, आता पाठीवर पिशवी असते. पण बापाच्या हातातले गठुडे तेव्हाही होते आणि आजही आहे. त्यात तांदूळ असतो, डाळ असते, जवसाची चटणी असते. बापाच्या खिशात एक कागदही असतो. कॉलेजची फी इतकी, खोलीचे भाडे इतके, खानावळ इतकी, पुस्तके इतकी, असा त्यावर हिशेब मांडलेला असतो.

प्रवेशाच्या दिवसांत असे कागद मी पुष्कळ पाहिले. हिशेब चोख असतो. पण एक रकाना त्यात कधीच नसतो. चार मुलांत उठण्याबसण्याचा खर्च! आज मला त्या न मांडलेल्या रकान्याविषयी बोलायचे आहे.

आपण म्हणाल, "गुरुजी, आमचा पोरगा शिकायला गेला, मजा करायला नाही." अगदी रास्त आहे. पण मी माझाच अनुभव सांगतो, मग आपण ठरवा.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 1999 साली नागपूरला शिकायला आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गातली मुले मला तर्री-पोहे खायला घेऊन गेली. पैसे त्यांनीच दिले. मी मनात हिशेब केला, उद्या यांना मला खाऊ घालावे लागेल, आणि तेवढ्या पैशांत माझा आठवड्याचा साबण-तेलाचा खर्च निघतो. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात काम असल्याचे सांगितले. तिसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणालो. पुढे तर त्या टपरीवरून जायला नको म्हणून मी कॉलेजच्या मागच्या फाटकाने जाऊ लागलो. तीन महिने मी नागपुरात होतो, पण माझ्याशी बोलणारे कोणी नव्हते. तास चुकला तर वही मागायला माणूस नव्हता. ताप आला तेव्हा पाणी द्यायलाही कोणी नव्हते.

शेवटी वसतिगृहातल्या एका मोठ्या मुलाने मला त्या मागच्या फाटकात गाठले. तो म्हणाला, "काहून पळून राहिला बे? चाय नको पिऊ, पण आमच्याजवळ बसून तर राहा!" त्या एका वाक्याने माझे शिक्षण सुरू झाले, असे मी आजही मानतो. त्याने आम्हा सहाजणांत एक रीत घालून दिली. कोणी कोणाला पाजायचे नाही, ज्याचा चहा त्याने द्यायचा. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने "आज नाहीत" एवढेच म्हणायचे, त्यावर कोणी काही बोलायचे नाही. आणि गावाहून जे खायला येईल ते एका डब्यात टाकायचे. तो डबा सगळ्यांचा. माझ्या आईच्या हातचा मुरमुऱ्याचा चिवडा त्या डब्यात पडला आणि मी त्या सहाजणांतला एक झालो.

मंडळी, ही रीत काही त्याने शोधून काढलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या गरीब विद्यार्थ्याचा इतिहासच तसा आहे. एके काळी मुले वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. जेवण मिळे, पण मान खाली घालून मिळे. आणि तेही ठराविक जातींच्या मुलांनाच. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्याला वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. तेथली मुले काम करून शिकली. पण मला विचाराल तर त्यांच्या शिक्षणातला मोठा धडा त्या पंक्तीतच होता. मुलाला पोटाला अन्न लागते, तशी शेजारी बसणारी माणसेही लागतात.

आमच्या नागपूर विद्यापीठाचेच पाहा. 4 ऑगस्ट 1923 रोजी ते स्थापन झाले. 2005 साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. ज्या संताचे नाव या विद्यापीठाला आहे, त्याच्यापाशी काय होते? एक खंजिरी! त्या खंजिरीवर त्यांनी गावेच्या गावे एकत्र बसवली. माणसे जमवायला पैसा लागतोच असे नाही, हे विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मग शहरात अडते कुठे? आता काळ बदलला आहे, आणि एक गोष्ट मी जड मनाने सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. खेड्यातला, वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. दिवाळीनंतर तो तासाला येईनासा झाला. एक दिवस आला तेव्हा मी त्याला सगळ्या वर्गासमोर बोललो. "बापाच्या घामाची तरी लाज ठेव," असे म्हणालो. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी त्याचा सोबती माझ्याकडे आला आणि खरा प्रकार कळला. ज्याचा वाढदिवस त्याने सगळ्यांना खाऊ घालायचे, अशी त्या मुलांत रीत पडली होती. याने दोन वर्षे इतरांकडे खाल्ले होते. आता याची पाळी आली. कोणापुढे नाही म्हणवेना. म्हणून त्याने मोबाईलवरच्या एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून थोडे पैसे उचलले. ते फेडायला दुसरीकडून उचलले. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. नुसते त्याला नाही, त्याच्या मोबाईलमध्ये ज्यांचे ज्यांचे क्रमांक होते त्या सर्वांना. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही! तो मुलगा गाठोडे बांधून परत जायला निघाला होता. आणि मी त्याला बापाच्या घामाची आठवण करून देत होतो.

मी त्याच्या खोलीवर गेलो. आधी त्याची माफी मागितली. मग आम्ही दोघांनी बसून देणे किती, व्याज किती, हे कागदावर मांडले. त्याच्या वडिलांना मीच फोन केला. मला वाटले होते ते संतापतील. ते एवढेच म्हणाले, "मले सांगतलं असतं तं काय झालं असतं, सर?" पोलिसांकडे तक्रार दिली. खरे देणे त्याने सुट्टीत काम करून फेडले. तो शिकला, आज नोकरीला आहे. पण ते दोन महिने मी विसरलेलो नाही.

पालकांनो, म्हणून नीट ऐकून ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2022 साली अशा कर्जांसंबंधी नियम केले आहेत. मान्यताप्राप्त संस्थेच्या ॲपला कर्जदाराच्या मोबाईलमधले संपर्क आणि फोटो उघडून पाहण्याची मुभा नाही. जे ॲप तशी परवानगी मागते, तेथेच थांबावे. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते. आणि सर्वांत आधी घरी सांगावे. पण घरी सांगण्याची वाट आपण आधीपासून मोकळी ठेवली असेल तरच मूल सांगेल, हेही खरे.

नागपुरात पैशावाचून चारजणांत राहता येते का? येते. संध्याकाळी फुटाळ्याच्या काठी बसायला पैसे पडत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत-बडग्यांची मिरवणूक निघते. ती पाहायला तिकीट नाही. दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला. तेथे दरवर्षी लाखो माणसे येतात, आणि पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात. चार मुलांनी वर्गणी करून चार वेगवेगळी पुस्तके घ्यावी आणि वर्षभर फिरती ठेवावी. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून काम करतो आहे. शहरात व्याख्याने, कविसंमेलने होत असतात. खेड्यातल्या मुलाने संकोच न करता तेथे जाऊन बसावे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबिर आपल्याच गावांत भरते. सात दिवस एकत्र झाडलोट करून, एकत्र जेवून जी मैत्री जमते ती हॉटेलात जमत नाही.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे सांगतो. मुलीच्या वाट्याला पैसाही कमी येतो आणि मोकळीकही कमी. "कॉलेज ते खोली, खोली ते कॉलेज," एवढेच तिला बजावले जाते. पण अडचणीच्या वेळी तिला आधी मैत्रिणीच उपयोगी पडतात. चार मुली मिळून खोली घेतात, पाळीपाळीने स्वयंपाक करतात, तेव्हा खर्चही निम्म्यावर येतो आणि धीरही वाढतो. मार्च 2023 पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. तेव्हा आईनेही वर्षातून एकदा लेकीच्या खोलीवर जाऊन यावे, तिच्या मैत्रिणींना भेटावे.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आपल्याला एक विनंती आहे. बारावीच्या वर्गात एक तास याला द्या. महिन्याचा जमाखर्च कसा लिहावा, ते मुलांकडून करवून घ्या. आणि "आज माझ्याकडे पैसे नाहीत" हे वाक्य मान वर करून म्हणायला शिकवा. सोपे वाटते, पण मला ते यायला तीन महिने लागले आणि माझ्या विद्यार्थ्याला आलेच नाही.

पालकांनो, त्या कागदावर एक रकाना वाढवा. रक्कम लहान असू द्या, पण ती त्याची आहे, तिचा जाब नाही, हे त्याला सांगा. फोनवर "पैसे पुरले का?" असे विचारता, तसेच "जेवायला सोबत कोण असतं?" हेही विचारा. उत्तर द्यायला मूल अडखळले, तर पहिल्या एस. टी.ने नागपूर गाठा.

आणि यंदा गठुडे बांधताना जवसाची चटणी, चिवडा, लाडू, जे काही द्याल ते एकाला पुरेल एवढे देऊ नका. चौघांना पुरेल एवढे द्या.