काशियशची किल्ली

मंडळी, इंदुरात गोव्याचा विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर आधी तेच सांगतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडलेले राजाभाऊ महाकाळ आपल्या उज्जैनचे. पण आज बोलायचंय ते जिवंत कोंडलेल्यांविषयी. परक्या देशाचा तुरुंग बाहेरून दबाव आणून उघडता येतो का?

मोहन रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात मास्तरकी करता करता गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले. त्याच १९५५ सालच्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. पुढे रवानगी लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात.

आपल्या सरकारच्या हाती होतं काय? लिस्बनमधली वकिलात १९५३ मध्येच बंद केलेली. १९५५ मध्ये उरलेसुरले संबंधही संपले; मग आपल्या वतीनं इजिप्त बोलणार, त्यांच्या वतीनं ब्राझील. भाऊबंदकीत शेजाऱ्यामार्फत निरोप धाडतात, तसा प्रकार. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात आले. पुढच्या मे महिन्यापर्यंत ते घरी पोचले, रानडे मात्र कोठडीतच राहिले. औदार्य दाखवलं ते योग्यच. पण एका माणसाचं नाव त्या बोलण्यात लावून धरता आलं नाही, हे मला आजही पटत नाही.

नंतर धडपडले ते सरकारबाहेरचे लोक. सुधीर फडके, होय, आपले बाबूजी, या सुटकेसाठी वर्षानुवर्षं झटले. १९६८ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी पोप सहावे पॉल यांची भेट घेऊन रानड्यांसाठी शब्द टाकला. देव न मानणाऱ्या परंपरेतला हा द्रविड नेता एका मराठी कैद्यासाठी व्हॅटिकनला जातो! जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. श्रेय पोपना द्यायचं, की त्याआधी सप्टेंबरात पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार आजारपणामुळे सत्तेवरून गेले होते त्याला? मी दोन्हींना देईन.

माणूस सुटला, किल्ला तसाच राहिला. पोर्तुगालचीच दुसरी छावणी पाहा, केप व्हर्दमधली ताराफाल. जगाच्या दबावापुढे १९५४ मध्ये ती बंद केली, आणि १९६१ मध्ये आफ्रिकी स्वातंत्र्यसैनिकांसाठी पुन्हा उघडली! दोन्हींचे दरवाजे राजकीय कैद्यांसाठी उघडले ते १९७४ च्या वसंतात, पोर्तुगालच्याच तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवल्यावर.

अमेरिकेच्या ग्वांटानामो तुरुंगाचं निराळं नाही. ११ जानेवारी २००२ ला तिथं पहिले कैदी आले. ती छावणी वर्षभरात बंद करण्याचा आदेश ओबामांनी २००९ मध्ये काढला. अमेरिकी संसदेनंच वाट अडवली. ब्रिटननं मात्र आपले नागरिक २००४-०५ मध्येच सोडवून नेले होते. मागं राहिले त्यांत येमेनी पुष्कळ. त्यांचा देशच कोसळत होता. त्यांच्यासाठी लिस्बन-रोमच्या खेपा कोण घालणार?